चक्कीगाव कोणाचं

ज्या सोमवारी ‘मध्ययुगीन युरोप’ हा पेपर बंद झाल्याचं परिपत्रक कॉलेजात आलं, त्याच सोमवारी दुपारी रहांगडाले सर वारले. परिपत्रक त्यांनी वाचलं होतं. डबा खाल्ला होता. तासाला जायला उठले आणि परत खुर्चीत बसले.

मी समोरच होतो. खरं तर माझं तिथे काही काम नव्हतं. मी आदल्या वर्षीच निवृत्त झालो होतो. तरी रोज डबा घेऊन जात होतो, कारण आमचा एक वाद मिटायचा राहिला होता. तो जर्मनीतल्या एका खेड्याबद्दल होता. ते खेडं माझं की त्यांचं, एवढंच आम्हाला ठरवायचं होतं.

हे वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटेल, म्हणून आधी आमचं काम काय होतं ते सांगतो.

अर्जुनी मोरगावच्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे दोघेच होतो. मी वर्ध्याकडचा, एकटा राहणारा, कमी बोलणारा. रहांगडाले सर सालेकशाकडचे पोवार. आपले पूर्वज माळव्यातून पायी इकडे आले तेव्हा वाटेत एकही जण गप्प बसला नसणार, असं ते स्वतःच सांगत. मी त्यांच्याहून वर्षभराने मोठा. या वर्षभराला पुढे फार महत्त्व आलं.

कॉलेज उघडलं तेव्हा मान्यतेसाठी ग्रंथालयात पुस्तकं दाखवणं भाग होतं. संस्थेचे अध्यक्ष धानाच्या गिरणीचे मालक होते. त्यांनी नागपूरच्या एका बंद पडलेल्या वाचनालयाची पुस्तकं उचलून आणली, आणि उचलताना गिरणीवाल्याच्या सवयीने वजन पाहिलं, भाषा पाहिली नाही. त्यांत जर्मन भाषेतले बारा जाडजूड खंड आले. एका लहानशा काउंटीचा, म्हणजे काउंट नावाच्या सरदाराच्या मुलखाचा, तो प्रादेशिक इतिहास होता. मुलूख आपल्या सालेकसा तालुक्याएवढा असेल नसेल, आणि त्यावर बारा खंड. गोंदिया जिल्ह्यावर तोवर एकही नव्हता.

त्या काउंटीचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याचा उच्चार कसा करायचा यावर आमचं कधी एकमत झालं नाही, आणि ते नसताना माझा उच्चार छापून आणणं बरं दिसणार नाही. आम्ही तिला ‘आपली काउंटी’ म्हणत होतो.

शब्दकोश समोर ठेवून आम्ही जर्मन शिकलो. एखादा जर्मन माणूस अर्जुनीच्या स्टेशनवर उतरला असता तर त्याला पाणी हवं का हे आम्हाला विचारता आलं नसतं. पण त्याच्या गावच्या पाणचक्कीवर हक्क कोणाचा, हे नक्की विचारलं असतं.

प्रादेशिक इतिहास म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला मामा तलावावरून कळतं. मालगुजारांच्या काळचा हा तलाव. तलाव एकच, पण पाणी खालच्या धानाच्या बांध्यांचं, मासे ढिवरांच्या सोसायटीचे, शिंगाडा ज्याने घेतला त्याचा, पाळीवरचे आंबे आणखी कोणाचे. तलाव कोणाचा असं सरळ विचारलं तर गावात भांडण लागतं. मध्ययुगातली काउंटी म्हणजे असाच तलाव. जमीन काउंटची, त्याच जमिनीवर न्याय करण्याचा हक्क बिशपचा, पिकाचा दहावा हिस्सा मठाचा आणि नदीवरचा पूल तिसऱ्याच कोणाचा. यांतलं काय कोणाकडून कोणाकडे कधी गेलं, लग्नात गेलं की वाटणीत, हे लावत बसणं म्हणजे आमचा धंदा. त्यात लढाया फार नसतात. कुरकुर फार असते.

आमच्या काउंटीचा म्हातारा काउंट मेला आणि त्याच्या दोन मुलांनी मुलूख वाटून घेतला. तिकडे एक जुना रिवाज होता: मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. मोठा बेइमानी करत नाही, कारण वाईट वाटा आपल्याच गळ्यात पडेल ही भीती असते. असे उत्तर आणि दक्षिण हे दोन भाग झाले. पहिले सहा खंड उत्तरेचे होते, पुढचे सहा दक्षिणेचे.

बारा खंड दोघांनी वाचायचे म्हटलं तर जन्म पुरला नसता. म्हणून आम्हीही वाटणी केली, रिवाजाप्रमाणे. मी मोठा, मी दोन ढीग लावले. उत्तरेत किल्ला, दरबार, मोहोरबंद दस्तऐवज. दक्षिणेत जंगल, दलदल, तळी, म्हणजे इकडचे तरे, आणि डुकरं. रहांगडाले सर उत्तर उचलणार याची मला खात्री होती. त्यांनी दक्षिणेचा ढीग उचलून काखेत मारला.

“जंगल हाय, तरे हायत. हा तं माहा दरेकसाच झाला,” आपल्या सालेकशाकडच्या जंगलाचं नाव घेत ते म्हणाले. “किल्ला तुमी ठेवा जी. झाडत बसा.”

एक अट आम्ही आपसांत घातली. परवानगीवाचून कोणी दुसऱ्याच्या खंडांना हात लावायचा नाही. माझे खंड माझ्या घरी, त्यांचे त्यांच्या घरी. ही अट आम्ही दोघांनी नोकरी संपेपर्यंत पाळली. जर्मनीतल्या त्या भावांना ती दोन वर्षंही पाळता आली नव्हती.

वाद झाला तो हद्दीवरच्या एका खेड्यावरून. दोन भागांच्या मधून एक ओढा वाहत होता, ओढ्यावर पाणचक्की होती आणि चक्कीभोवती गाव. आम्ही त्याला चक्कीगाव म्हणत होतो. माझ्या तिसऱ्या खंडात ते उत्तरेच्या वाट्याला आल्याचं स्वच्छ लिहिलं होतं. मी ते डबा खाताना सांगितलं. रहांगडाले सरांनी लाखोरीच्या डाळीत भात कालवला आणि म्हणाले, “माह्या नवव्या खंडात दुसरंच हाय.”

“काय आहे?”

“तुमाले काऊन सांगू? माहा खंड हाय.”

तिथून जे सुरू झालं ते सर वारले त्या सोमवारपर्यंत चाललं. मी दस्तऐवजातली ओळ म्हणून दाखवायचो, ते नवव्या खंडातलं पान सांगायचे. आमचे आवाज वाढले की गणिताचे सर उठून व्हरांड्यात जात. शेवटी प्राचार्यांनी जर्मनीचा विषय स्टाफरूमबाहेर न्यायचा हुकूम काढला. मग आम्ही कॉलेजमागच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर डबा खाऊ लागलो. तिथेही शिपायाने आमचं भांडण ऐकलं आणि सर लोकांचा शेतीचा वाद चालू आहे असं गावात सांगितलं. प्राचार्यांनी मध्यस्थी केली. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि विषम महिन्यांत चक्कीगाव माझं, सम महिन्यांत त्यांचं, असा निवाडा दिला.

“आन मे महिन्यात सुट्ट्या रायतेत,” रहांगडाले सर प्राचार्यांना म्हणाले, “तेव्हा यायच्याकडं गाव हाय तं पाहीन कोन?”

त्यांना माझ्या गावाची काळजी वाटली हे मला तेव्हाही बरं वाटलं होतं.

आमच्या शिकवण्यातही फरक होता. मी उत्तरेचा भाग शिकवताना तारखा, वंशावळी आणि करारांची कलमं सांगत होतो. मुलं लिहून घेत. शेजारच्या वर्गात दक्षिण चालू असे आणि तिथून हसण्याचा आवाज येई. रहांगडाले सरांचा बिशप गोंदियात राहायचा. त्यांच्या काउंटचं जंगल दरेकशापासून सुरू व्हायचं. डाकू कचारगडच्या गुहेत लपायचे. हे अशास्त्रीय आहे असं मी त्यांना अनेकदा सांगितलं.

“पोट्ट्यांनी जर्मनी पायली हाय का?” ते विचारत.

“नाही.”

“तुमी?”

“नाही.”

“मी बी नाही. मंग कचारगड तं पायलेला हाय ना सगळ्यायनं.”

एकदा तपासणी समिती आली. समितीच्या अध्यक्षांनी आमचा अभ्यासक्रम पाहिला, चष्मा काढून पुसला आणि परत पाहिला. एका काउंटीला इतके तास का, आणि इथल्या विद्यार्थ्यांना याचा उपयोग काय, असं त्यांनी विचारलं. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात रहांगडाले सर बोलले. “उपयोग तं जर्मनीतल्या पोरायलेही नाही जी. पन ते शिकतेत ना. आपलीच पोरं कायले मागं ठेवाची?” समितीने आम्हाला ‘समाधानकारक’ असा शेरा दिला.

आणखी एक आठवतं. कोरंबीकडचा एक म्हातारा शेतकरी दोन्ही मुलांना घेऊन विभागात आला. ‘वाटनीचे मास्तर’ कोणते, असं त्याने दारातून विचारलं. आम्ही दोघांनीही हात वर केला. त्याला जमीन वाटून द्यायची होती आणि तलाठ्यापेक्षा आमच्याकडे जास्त वाटण्यांचा अनुभव आहे असं त्याच्या कानावर गेलं होतं. ते खोटं नव्हतं. मोठ्याने वाटे पाडावे, धाकट्याने उचलावा, असं आम्ही सांगितलं. म्हातारा खूश झाला. मोठा मुलगा मात्र आमच्याकडे रागाने पाहत गेला, आणि म्हणून सल्ला योग्य होता असं आम्हाला वाटलं.

माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या आधी रहांगडाले सर नागपूरला दवाखान्यात भेटायला आले. येताना संत्री आणली आणि बसल्या बसल्या विचारलं, “तुमी गेले तं उत्तर कोनाले?”

मी विचार केला नव्हता.

“तिकडं दोन घरान्यायमंदी करार होत होता ना? एकाचा वंश सरला का त्याचा मुलूख दुसऱ्याले. आपन तसा करू. तुमी गेले तं तुमचं माह्याकडं. मी गेलो तं माहं तुमच्याकडं. मंग जो उरंल त्यानं पूर्ण काउंटीचं पुस्तक लिहावं. मराठीत.”

“आणि चक्कीगाव?”

“ते बी. पन मेल्यावर.”

सलाइन लावलेल्या हाताने मी होकार दिला. नर्सने तो साक्षीदार म्हणून पाहिला असं ते पुढे सगळ्यांना सांगत. मी एकटा माणूस. आपल्यामागे काय राहील याचा विचार मी करत नव्हतो. त्या दिवसापासून करू लागलो, आणि उत्तर एकच येई: ते पुस्तक.

तर सर वारले. तेरवी झाली. त्यानंतर आठवडाभर मी त्यांच्या घराच्या गल्लीपर्यंत जाऊन परत येत होतो. करारानुसार दक्षिणेचे सहा खंड आता माझे होते. पण ज्या घरात फोटोवरचा हार अजून सुकला नाही तिथे जाऊन मुलखाची मागणी कशी करायची हे कोणत्याच खंडात दिलेलं नव्हतं. आणि ते खंड नसतील तर पुस्तक नव्हतं. अर्ध्या काउंटीचा इतिहास कोणी लिहीत नाही.

शेवटी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. मी खंडांबद्दल विचारलं.

“कोनते?” त्या म्हणाल्या.

“जर्मन. सहा. जाड.”

“ते होय.” त्यांनी कपात साखर घातली. “ते तं उदईनं खाल्ले भाऊजी.”

उदई म्हणजे वाळवी. मी विचारलं, कधी.

“लई वर्सं झाली. कोठीत ठेवले होते, खालून लागली. वरून चांगले दिसत होते. एक दिवस यायनं हात लावला तं भुगा. दोन दिवस जेवले नाही. मंग म्हने, जाऊ दे, माह्या डोक्यात हाय.”

मी चहा प्यायलो. गेली कित्येक वर्षं ते मला नवव्या खंडाचं पान सांगत होते. पान बदलत नसे. एकदा मी हटून विचारलं होतं की ओळ कोणती, तर ती वरून सातवी असं त्यांनी न थांबता सांगितलं होतं. भुगा झालेल्या पुस्तकातली. आणि मी ते पुस्तक कधी पाहायला मागितलं नाही, कारण तशी अट होती. दुसरा कोणी असता तर पहिल्याच महिन्यात त्यांच्या घरी जाऊन खंड उघडला असता. आम्ही करार पाळणारी माणसं होतो.

इंटरनेटवरही शोधलं. पुस्तकाचं नाव सापडतं, पुस्तक सापडत नाही.

म्हणजे दक्षिण काउंटी आता कुठेही लिहिलेली नव्हती. ती रहांगडाले सरांच्या डोक्यात होती, आणि त्यांनी ती वर्षानुवर्षं मुलांना सांगितली होती. राहिली असेल तर मुलांजवळ. त्यांचे विद्यार्थी अर्जुनीपासून दरेकशापर्यंत पसरलेले. मी एक कोरी वही घेतली आणि एसटीत बसलो.

पहिला विद्यार्थी एसटीतच भेटला. लांजेवार, गोंदिया गाडीचा कंडक्टर. मी दक्षिणेबद्दल विचारल्याबरोबर त्याने तिकिटाचं मशीन पोटाशी धरलं आणि सुरुवात केली.

“धाकट्या काउंटले तीन पोरी. थोरली मठात गेली. मधलीच्या लग्नात पुलावरची वसुली देली. कोहमारा, कोहमारा कोन हाय? उतरा. मंग तिसरीच्या नवऱ्यानं जंगल मांगतलं. आजी, सुटे द्या. तं काउंट म्हने, जंगल देतो पन डुकरं माही.”

सगळं बरोबर होतं. माझ्या खंडांत जिथे जिथे दक्षिणेचा उल्लेख येतो तिथे ते जुळत होतं. मागच्या सीटवरची एक बाई पुढे वाकून तिसरीचं पुढे काय झालं ते विचारत होती. मी वही भरभर भरली आणि मग विचारलं, “आणि चक्कीगाव?”

लांजेवारने घंटीची दोरी ओढली. गाडी थांबायचं कारण नव्हतं. “ते सर... ते आमच्या टायमाले पेपरात नव्हतं,” तो म्हणाला आणि पार मागे निघून गेला.

मग सुनंदा कापगते. ती आता एका गावची सरपंच आहे. मी गेलो त्या दिवशी ग्रामपंचायतीत तलावाचा वाद चालू होता. मासे आणि शिंगाडा एकाच पाण्यात, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या अंगावर. तिने मला खुर्ची दिली आणि सभेला सांगितलं, “हे उत्तरेकडले सर होत. किल्ला यायच्याकडंच हाय.” लोकांनी नमस्कार केला. मग तिने दोन्ही बाजूंना उद्देशून धाकट्या काउंटने तळ्याचा तंटा कसा मिटवला ते सांगितलं. एका बाजूने तलावाचे दोन भाग आखावे, दुसरीने आधी उचलावा.

“कोन काउंट?” ढिवरांतला एक म्हातारा म्हणाला. “कोन्या गावचा?”

“लांबचा हाय बाबा. पन तलाववालाच होता.”

“मंग ठीक हाय.”

सभा मिटली. तिने मला जेवायला ठेवून घेतलं, दक्षिणेच्या तळ्यांचं सगळं प्रकरण सांगितलं. चक्कीगावचं नाव काढलं तर ती उठली. “ते तुमालेच माईत असंन जी. आमी काय सांगाचं. भात घ्या अजून.”

आणखी तिघांकडे गेलो. एक शिक्षक, एक किराणावाला, एक गोंदियाला नोकरी करणारी मुलगी. दक्षिण प्रत्येकाला पाठ होती, आणि प्रत्येक जण चक्कीगावापाशी येऊन थांबत होता. किराणावाल्याला त्याच क्षणी साखर मोजायची आठवण झाली, आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. गोंदियाची मुलगी हिंदीत म्हणाली, “सर, वो रहने दीजिए ना.” माझ्या वहीत दक्षिण भरत चालली होती आणि मधोमध ओढ्याच्या काठी पांढरी जागा. मला वाटू लागलं की नवव्या खंडात माझ्याविरुद्ध काहीतरी जबरदस्त पुरावा होता आणि पोरं माझ्या वयाकडे पाहून तो लपवत आहेत.

शेवटी दरेकशाला गेलो. उईके तिथे स्टेशनजवळ चहा विकतो आणि कचारगडच्या यात्रेच्या दिवसांत तिथे हॉटेल लावतो. अर्जुनीला मामाकडे राहून शिकला होता. त्याने मला बाकावर बसवलं, चहा दिला, जंगलाच्या हद्दी एकेका नाल्यासह सांगितल्या. मी वही न पाहता विचारलं, “चक्कीगाव कोणाचं?”

“ते? ते तं रिठी होतं जी.”

रिठी हा आमच्याकडचा शब्द आहे. ज्या गावाचं नाव सरकारी दप्तरात असतं, हद्द असते, नंबर असतो, पण माणूस राहत नाही, ते रिठी गाव.

“कोणी सांगितलं?”

“सरांनीच. पयल्याच तासाले. म्हने, वाटनीच्या आधीच गाव उजाड झालं. बिमारी आली का वढा आटला, ते माईत नाही. चक्कीचा दगड तेवढा पडला होता. दोघं भाऊ त्या दगडासाटी भांडून रायले होते.” त्याने गाळणी झटकली आणि माझ्याकडे पाहिलं. “तुमाले माईत नाही का?”

मी वही मिटली.

“मेलो बाप्पा,” उईके म्हणाला. “सरांनी शपथ घातली होती. हे तिकडल्या सरायले सांगाचं नाही, त्यायचा जीव हाय त्याच्यात.”

“तुमच्या वर्गाला सांगितलं होतं?”

“दरसाली सांगत होते ना. आमच्या मांगच्यायले, पुढच्यायले. सगळ्यायलेच माईत हाय.”

परतीच्या गाडीत मी हिशेब करण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. माझ्या वर्गात बसून चक्कीगावावरचा माझा हक्क लिहून घेणारा प्रत्येक चेहरा हे जाणून होता. मी फळ्यावर कलमं लिहीत असताना ते कधी हसले नाहीत. एकाही वर्षी, एकही नाही. माझ्या विषयात एवढी शिस्त मला कधीच लावता आली नव्हती.

घरी येऊन माझे सहाही खंड पुन्हा काढले. चक्कीगावचा उल्लेख जिथे जिथे होता तिथे कागद घातला. चक्कीचा हक्क होता, न्यायाचा हक्क होता, दहाव्या हिश्श्याचा हक्क होता. एका माणसाचं नाव नव्हतं. कर होता, देणारा नव्हता. न्यायाचा हक्क होता, पण गुन्हा एकही नोंदलेला नव्हता. इतकी वर्षं मी ती पानं वाचत होतो आणि या गावात कोणी कधी चोरीसुद्धा करत नाही याचं मला आश्चर्य वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनींकडे गेलो. त्या अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या.

“वहिनी, चक्कीगाव रिठी होतं हे तुम्हाला माहीत होतं?”

“मले काय, आमच्या गाईले बी माईत असंन,” त्या म्हणाल्या. “कोनं सांगतलं?”

“उईके.”

“त्याच्या पोटात काई रायतच नाही.”

“त्यांनी मला का नाही सांगितलं?”

त्यांनी मिरच्यांवरून हात फिरवला. “मी म्हनलं होतं, सांगून टाका त्या मानसाले, कायले छळता. तं म्हने, सांगतलं का सरलं. मंग जेवताना काय बोलाचं? त्याची भाजी कशी झाली ते?” मग त्या म्हणाल्या, “तुमची भाजी चांगली नसते म्हनत होते.”

“नसते,” मी म्हणालो.

“मले म्हनत, तो मानूस कोनाशी बोलत नाही. गावासाटी तरी बोलते.”

मी अंगणात उभा राहिलो. मिरच्यांचा खकाणा डोळ्यात गेला होता, तसं मी त्यांना सांगितलंही. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून दिला आणि आत निघून गेल्या.

पुस्तक लिहून होत आलं आहे. उत्तरेचा भाग माझ्या खंडांवरून लिहिला आहे. दक्षिणेचा भाग रहांगडाले सरांच्या विद्यार्थ्यांनी सांगितला तसा उतरवला आहे. त्यांत बिशप कुठे राहत होता यावर दोन मतं दिली आहेत. चक्कीगाव उजाड होतं हे मी लिहिलं आहे, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून हेही लिहिलं आहे.

करारानुसार संपूर्ण काउंटी आता माझ्या एकट्याच्या ताब्यात आहे. तिच्या कोणत्याही गावावर कोणाचा दावा नाही.